छोट्या लोकशाही देशात पक्षनिष्ठा ठेवून सरकारला जाब विचारता येतो का?

येतो. तुम्ही विचारलंय की लहान देशात सगळे एकमेकांना ओळखतात, मंत्री रस्त्यात भेटतो, तरीही लोक आपल्या पक्षाचे घोटाळे पोटात का घालतात. 'आपला तो बाब्या' ही वृत्ती सगळीकडेच असते, त्यामुळे मतदाराच्या स्वभावावर खापर फोडणं मला पटत नाही. खरा प्रश्न वेगळा आहे: सरकारचा प्रमुख बदलण्यासाठी विरोधकांना सत्तेवर आणावंच लागतं का?

एप्रिल २०१६मध्ये पनामा पेपर्स (परदेशी कंपन्यांचे छुपे व्यवहार उघड करणारी कागदपत्रं) फुटले तेव्हा दोन बेटं एकाच वेळी अडचणीत आली. आइसलँडची लोकसंख्या तेव्हा साडेतीन लाखांच्या आत, माल्टाची साडेचार लाखांच्या आसपास. आइसलँडचे पंतप्रधान सिग्मुंदुर गुन्लॉगसन यांना कॅमेऱ्यासमोर विंट्रिस या परदेशी कंपनीबद्दल विचारलं, तर ते मुलाखत सोडून उठून गेले. ही मार्चमधली मुलाखत ३ एप्रिलला दाखवली गेली. दुसऱ्या दिवशी राजधानी रेक्याविकमध्ये संसदेसमोर हजारो लोक जमले आणि त्याच्या पुढच्या दिवशी ते पायउतार व्हायला तयार झाले. त्यांच्या मतदारांची निष्ठा एका रात्रीत आटली होती, असं नाही. सरकार आघाडीचं होतं आणि मित्रपक्षाने पाठराखण केली नाही. (त्या मित्रपक्षाच्या अध्यक्षांचंही नाव त्याच कागदपत्रांत होतं, आणि ते मात्र टिकले. तेव्हा आइसलँडला फार सोवळं समजू नका.) पंतप्रधान बदलले, पण आघाडी कायम राहिली.

माल्टात त्याच कागदपत्रांत मंत्री कॉनराड मित्झी आणि पंतप्रधान जोसेफ मस्कत यांचे कार्यालयप्रमुख कीथ शेम्ब्री यांची नावं आली. मित्झींचं खातं काढलं, मंत्रिपद ठेवलं. शेम्ब्री जागचे हलले नाहीत. जून २०१७च्या मुदतपूर्व निवडणुकीत मस्कत यांचा मजूर पक्ष सुमारे ५५ टक्के मतांनी परत आला. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला हे सगळं लावून धरणाऱ्या पत्रकार डॅफ्नी कारुआना गालिझिया यांची गाडीत बॉम्ब ठेवून हत्या झाली. मित्झी आणि शेम्ब्री पदावरून गेले ते थेट नोव्हेंबर २०१९मध्ये, लोक रस्त्यावर उतरल्यावर. जानेवारी २०२०मध्ये मस्कतही गेले. पुढे न्यायाधीशांच्या चौकशीने या हत्येची जबाबदारी शासनावर टाकली. तरी २०२२मध्ये पक्ष पुन्हा ५५ टक्क्यांवर.

माल्टात दशकानुदशकं मोठे पक्ष दोनच, मजूर आणि नॅशनॅलिस्ट. दोघांची स्वतःची दूरचित्रवाहिनी, गावोगावी पक्षाचे क्लब, आणि निष्ठा घराण्यातून आलेली. तिथे 'आपलं सरकार पाडा' याचा अर्थ एकच, 'त्यांना आणा'. हे कोण करणार?

दोघांनी केलं, आणि सरकारचं मताधिक्य एका जागेचं होतं म्हणूनच त्यांना ते जमलं. १९९८मध्ये माजी पंतप्रधान डॉम मिंटॉफ यांनी किनाऱ्यावरच्या एका विकास प्रकल्पाच्या मतदानात स्वतःच्याच मजूर सरकारविरुद्ध मत दिलं. निवडणूक लागली आणि पक्ष हरला. डिसेंबर २०१२मध्ये नॅशनॅलिस्ट पक्षाच्या फ्रँको देबोनो यांनी अर्थसंकल्प पाडला. तीन महिन्यांत त्यांचा पक्ष विरोधात बसला. पक्षाच्या लेखी दोघेही घरभेदी. मताधिक्य मोठं झालं की एकट्यादुकट्याच्या बंडाला किंमतच उरत नाही.

त्यात लहान संसदेचा आणखी एक घोटाळा असतो. सत्ताधारी बाकांवरचे बरेचसे मंत्रीच असतात, उरलेल्यांना सरकारी मंडळांवर नेमून किंवा सल्लागार करून गप्प बसवता येतं. माल्टाचे खासदार तर अर्धवेळ. सरकारच्याच पगारावर असलेला माणूस सरकारला कोणत्या तोंडाने जाब विचारणार? मला विचाराल तर पक्षांतरबंदीपेक्षा आधी ही नेमणुकांची खैरात बंद व्हायला हवी.

आता निष्ठावान मतदाराने काय करायचं? माल्टात १३ मतदारसंघ आहेत, प्रत्येकातून पाच जण निवडून येतात, आणि मतदार उमेदवारांना १, २, ३ असा पसंतीक्रम देतो. एकाच पक्षाचे अनेक उमेदवार मतपत्रिकेवर असतात. म्हणजे सगळी मतं आपल्याच पक्षाला देऊन डागाळलेल्या मंत्र्यापुढचा चौकोन रिकामा सोडता येतो. पक्षाचं काडीचं नुकसान होत नाही, त्या माणसाचं होतं. २०१७मध्ये हे हत्यार मित्झींच्या मतदारसंघातल्या मजूर पक्षाच्या प्रत्येक मतदाराच्या हातात होतं. मित्झी निवडून आले आणि पर्यटनमंत्री झाले. जून २०२०मध्ये त्यांना संसदीय गटातून काढलं ते पक्षानेच, नवे पंतप्रधान आल्यावर.