‘टू पिंप अ बटरफ्लाय’ पहिल्यांदा ऐकणार असशील तर

अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारचा हा २०१५ चा अल्बम शफलवर अजिबात लावू नकोस. त्यात एक कविता मधूनमधून येते, दर वेळी थोडी पुढे सरकते आणि शेवटच्या ‘मॉर्टल मॅन’ या गाण्यात पूर्ण होते. क्रम मोडलास की ती निसटलीच.

पहिल्या फेरीत शब्द नाही कळले तरी चालेल. थंडरकॅट या वादकाचा बेस गिटार तेवढा धरून ठेव, तो तुला फंक या ठेक्याच्या संगीतातून जॅझमध्ये अलगद नेतो. ‘फॉर फ्री?’मध्ये रॉबर्ट ग्लास्परचा पियानो सुसाट धावतो आणि केंड्रिक त्याच्याशी शब्दांनी जुगलबंदी करतो. जेमतेम दोन मिनिटांचं आहे, पण मी आजही ते लागोपाठ तीनदा ऐकतो!

‘यू’ हे गाणं जड जाईल. त्यात तो रडत रडत स्वतःलाच दोष देतो. तरी हेडफोन काढू नकोस, ‘ऑलराइट’ त्यानंतरच लागतं.