ट्यूब फुगल्या त्या क्रीपमुळे. हायड्रोटेस्टमध्ये हे कळत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कार्बन स्टीलच्या ट्यूब, आतून वाफ, बाहेरून तप्त वायू, डिझाइनला धातूचं तापमान ४५० अंश सेल्सिअस. त्या तापमानाची यील्ड स्ट्रेंथ (ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो तो) पुरेशी होती, हायड्रोटेस्टही (पाणी भरून दाब देण्याची चाचणी) पास झाली, तरी दोन वर्षांत ट्यूब फुगल्या. असं का?

यील्ड स्ट्रेंथ काही मिनिटांच्या चाचणीतून मिळते आणि हायड्रोटेस्ट थंड पाण्याने होते. कार्बन स्टील साधारण ३७० अंशांच्या वर गेलं की यील्डपेक्षा बऱ्याच कमी ताणाखालीही हळूहळू वाढत राहतं. हाच क्रीप. तिथे ताणाइतकाच काळही मोजावा लागतो.

आता तापमानाचं बघा, कारण माझ्या मते खरी गोम इथेच आहे. लार्सन-मिलरच्या सूत्रात केल्विनमधलं तापमान गुणिले (२० अधिक तासांचा दहा-आधारी लॉगॅरिदम) ही संख्या ठरावीक ताणाला कायम धरतात. ४५० अंशांना ट्यूब १,००,००० तास टिकणार असेल, तर ७२३ × २५ = १८,०७५. त्याच ताणाला ४७० अंश, म्हणजे ७४३ केल्विन घाला. उत्तर येतं सुमारे २१,००० तास. फक्त २० अंश वाढले आणि आयुष्य पाचव्या हिश्श्यावर आलं! तुमची दोन वर्षं म्हणजे १७,५०० तास.

हे २० अंश येतात कुठून? वाफेबरोबर आलेले क्षार ट्यूबच्या आत थर होऊन बसतात. त्या थरातून उष्णता वाफेत नीट जात नाही, म्हणून धातू जास्त तापतो. उष्णतेचा प्रवाह चौरस मीटरला ५० किलोवॅट आणि थराची वाहकता १ वॅट प्रति मीटर केल्विन धरली, तर ०.४ मिलिमीटर थर पुरतो. वाफेचं तापमान दाखवणाऱ्या थर्मोकपलला यातलं काहीच कळत नाही.

शिवाय ४२५ अंशांच्या वर दीर्घकाळ राहिलं की कार्बन स्टीलमधल्या कार्बाइडचं ग्राफाइट होऊ लागतं, तो धोका वेगळाच. म्हणून निव्वळ जाड ट्यूब घालू नका. टी११ किंवा टी२२ या क्रोमियम-मॉलिब्डेनम घातलेल्या पोलादाच्या ट्यूब घ्या. या दोन धातूंमुळे क्रीपला विरोध वाढतो. ऑस्टेनिटिक स्टेनलेस घेण्याची घाई नको, ते कार्बन स्टीलपेक्षा जवळपास दीडपट प्रसरण पावतं, सांध्यांवर ताण येतो.

फुगलेली एक ट्यूब कापून मेटॅलोग्राफीला, म्हणजे धातूच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला पाठवा. पर्लाइटच्या (स्टीलमधल्या लोह आणि कार्बाइडच्या थरांच्या) पट्ट्या मोडून कार्बाइडचे गोळे झालेले दिसले, तर ट्यूब दीर्घकाळ तापत होती हे नक्की. एखादी फाटली असेल तर कडा बघा. सुरीसारख्या पातळ कडा म्हणजे थोड्या वेळात झालेलं तीव्र ओव्हरहीटिंग. मग वाफेचा प्रवाह कुठे अडला ते शोधा. कडा जाड असतील तर ते हळूहळू झालेलं क्रीप समजा, आतल्या थराची जाडी मोजून घ्या आणि वरचा हिशोब तुमच्या आकड्यांनी पुन्हा करा.