गोळ्या कपाटात, पुडी खिशात

प्रश्न : ताई, आम्ही सोलापूरचे. माझं वय 31, यांचं 36. आयव्हीएफचा (टेस्ट ट्यूब बेबीचा) पहिला प्रयत्न फसला. शुक्रजंतूंवर ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ आहे, असं डॉक्टर म्हणाले. ओळखीच्या मेडिकलवाल्यानं अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या दिल्यात, महिन्याला अडीच हजार जातात. हे यंत्रमागावर रात्रपाळी करतात, तंबाखू मळतात. मी पपई, तीळ बंद केलंय, सोमवार-गुरुवार उपास धरलेत. पुढच्या वेळी जमेल ना?

उत्तर : जमेलच, असं मी लिहून देणार नाही. पण दोष यांच्या तपासणीत आणि उपास तुम्हाला, हे काही मला पटलं नाही.

तुमच्या शेंगदाणा चटणीचा डबा उन्हात राहिला तर चटणी खवट होते ना? ऑक्सिजननं तेल असं बिघडतं, तेच ऑक्सिडेशन; ते रोखतात ती अँटिऑक्सिडंट. शुक्रजंतूच्या आवरणातही अशीच पटकन बिघडणारी स्निग्धं असतात, आणि स्वतःला सावरायला त्या इवल्या पेशीत फारसं काही नसतं. तंबाखू, गिरणीतली उष्णता, जागरण या सगळ्याचा मारा तिथं होतो. गोळ्यांनी तो थांबतो का? 2020 साली अमेरिकेत 2,370 जोडप्यांवरचा अभ्यास आला. अशा गोळ्यांत बऱ्याचदा असणारं जस्त आणि फॉलिक ॲसिड पुरुषांनी सहा महिने घेतलं, तरी बाळं जास्त जन्मली नाहीत. उलट शुक्रजंतूंचा डीएनए थोडा अधिक तुटलेला आढळला. थोडं ऑक्सिडेशन शुक्रजंतूला स्त्रीबीजात शिरायलाही लागतं, ते पुसून टाकून चालत नाही. त्यामुळे ते अडीच हजार चालू ठेवायचे की नाही, हे मेडिकलवाल्याला नको, डॉक्टरांना विचारा.

तुमची रोजची 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी मात्र सोडायची नाही. ती बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूसाठी आहे. उपास सोडा. साबुदाण्यात प्रथिनं नावालाच असतात. ज्वारीची भाकरी, मेथी-शेपू, मटकीची उसळ, जवसाची चटणी, पेरू हे दोघांनीही खायचं. शाकाहारी असाल तर दोघांचं बी-12 तपासा.

नवा शुक्रजंतू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. म्हणजे यांनी आज तंबाखूची पुडी सोडली, तर फरक दिवाळीच्या फराळासारखा आठवड्यात दिसणार नाही. तारीख ठरवताना तेवढे महिने धरा. व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाच्या फुगलेल्या शिरा, तपासल्या आहेत का, हे यांनी स्वतः जाऊन डॉक्टरांना विचारायचं. तुम्ही नाही.