शाळेत शॅडो टीचर असताना स्पेशल एज्युकेटर कशाला लागतात? नक्की कोणाचं काम काय?

तुम्ही विचारलंय की मुलाला शाळेत शॅडो टीचर, म्हणजे वर्गात त्याच्या शेजारी बसून मदत करणाऱ्या ताई, मिळाल्यात, मग स्पेशल एज्युकेटर वेगळ्या कशाला, आणि या दोघी असताना वर्गशिक्षिका काय करणार. मी बरीच वर्षं शाळेत स्पेशल एज्युकेटर म्हणून काम करतेय, हा गोंधळ बहुतेक पालकांचा होतो, कधीकधी शिक्षकांचाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

स्पेशल एज्युकेटर आखणी करतात. मूल नक्की कुठे अडतंय ते शोधायचं, त्याचा आयईपी म्हणजे त्या एका मुलापुरता वर्षभराचा प्लॅन बनवायचा, रिसोर्स रूममध्ये म्हणजे अशा मुलांसाठीच्या वेगळ्या खोलीत शिकवायचं, वर्गात चालू असलेलाच धडा सोपा करून द्यायचा. आयईपी ही पद्धत १९७५ च्या अमेरिकन कायद्यातून आली, आता बऱ्याच देशांत वापरतात. त्यात नुसतं 'वाचन सुधारेल' असं लिहिलं असेल तर सही करू नका. कुठल्या पातळीचा उतारा, किती चुकांच्या आत, कधीपर्यंत, हे लिहून घ्या, नाहीतर सुधारलं की नाही हे ठरवणार कशावरून?

थेरपिस्टचं थोडक्यात सांगते. ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट पेन्सिलची पकड, बसण्याची पद्धत, गोंगाटाचा होणारा त्रास हे बघतात. स्पीच थेरपिस्ट फक्त उच्चार नाही, समोरच्याचं समजून घेणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, बोलता येत नसेल तर चित्रांच्या कार्डांवरून सांगणं, हे सगळं शिकवतात. मुलाच्या चाचण्या सायकॉलॉजिस्ट घेतात.

आता शॅडो टीचर. हे काम सगळ्यात अवघड आहे आणि ते बहुतेक वेळा कमीत कमी ट्रेनिंग मिळालेल्या माणसाच्या अंगावर पडतं याचं मला खरंच वाईट वाटतं. एका वर्गात मी मागे बसले होते, सरांनी एका मुलाला आजचा वार विचारला, त्याला तो येत होता, सकाळीच त्याने मला सांगितला होता, पण त्याने सरांकडे न बघता शेजारच्या ताईंकडे बघितलं आणि ताईंनी हळूच ओठ हलवले. ताईंचा जीव होता त्याच्यावर, त्यांची चूक म्हणत नाही मी, कोणी त्यांना सांगितलंच नव्हतं की मदत हळूहळू काढून घ्यायची असते. आधी हात धरून, मग नुसतं बोट दाखवून, मग काही न करता दहापर्यंत मनात मोजून थांबायचं. आम्ही त्यांची खुर्ची दोन बाक मागे नेली. पहिला आठवडा तो सारखा मागे वळून बघायचा, तेव्हा ताई वहीत मान घालून बसायच्या. पुढे एक दिवस सरांनी विचारलं आणि हा सरांकडे बघून बोलला, 'गुरुवार'.

आणि वर्गशिक्षिका. मूल त्यांच्याच वर्गातलं आहे, म्हणजे शिकवण्याची पहिली जबाबदारी त्यांचीच. 'त्याचं त्याच्या मॅडमना विचारा' असं तुम्हाला कोणी सांगितलं तर तिथेच शांतपणे म्हणा की मला तुमच्याकडूनच ऐकायचंय. वह्या कोण तपासतं तेही बघा, सगळीकडे शॅडो टीचरच्याच सह्या असतील तर विषय काढाच.

पुढच्या मीटिंगला सगळ्यांना एकत्र बसवा आणि एवढंच विचारा, या महिन्यात कुठल्या गोष्टीतली मदत कमी केली?