डायलिसिस सुरू आहे, मग पथ्य आणि गोळ्या कशाला?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा सुरू झालंय, मशीन रक्त साफ करतं, तरी डॉक्टर पाणी मोजून प्यायला सांगतात आणि वर गोळ्या-इंजेक्शनांची ही मोठी यादी. मशीनच किडनीचं काम करतंय, तर मग हे सगळं कशासाठी?

मी चौदा वर्षं डायलिसिस टेक्निशियन आहे, तालुक्याच्या गावातल्या सेंटरवर. हा प्रश्न बाहेरच्या बाकावरून मला दर आठवड्याला ऐकू येतो. मशीन किडनीचं सगळं काम करत नाही. जे करतं तेही थोडा वेळच करतं.

आधी वेळेचाच हिशेब बघा. आठवड्याचे तास 168. तीनदा चार-चार तास धरले तर मशीनवर 12. आमच्याकडे खर्चामुळे, एसटीमुळे, मुलाला सुट्टी मिळत नाही म्हणून दोनदाच येणारेही पुष्कळ, त्यांचे 8. उरलेल्या तासांत जे खाल्लं-प्यायलं ते सगळं अंगातच साचत राहतं. कचरा काढण्याच्या बाबतीत नीट होणारं डायलिसिससुद्धा निरोगी किडन्यांच्या साधारण दहा-पंधरा टक्केच भरतं. म्हणून मशीनवरून उतरल्यावर क्रिएटिनिन (रक्तात साचणारा एक कचरा) 9 चं 3.5 झालं की नातेवाईक खूश होतात आणि परवा तोच आकडा पुन्हा वर गेलेला बघून आमच्यावर चिडतात.

आता किडनी काय करते ते. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी रक्तातून गाळून काढतात. रक्तात मुळात पातळ भाग असतो तीनेक लिटर, म्हणजे तेच पाणी दिवसात साठ वेळा गाळलं जातं. आणि लघवी होते दीड-दोन लिटर. बाकीचं सगळं किडनीने परत घेतलेलं असतं. साखर जवळजवळ सगळी परत, मीठ लागेल तेवढं परत, युरिया हा कचरा बऱ्यापैकी बाहेर. लग्नात पापड-लोणचं जास्त झालं तर मीठ जास्त सोडायचं, उन्हात दिवसभर कांदा काढला तर पाणी धरून ठेवायचं, हे ती कुणी न सांगता करते. गाळणं सोपं आहे हो, खरी हुशारी परत घेण्यात आहे.

मशीनमध्ये परत घेणारा भागच नाही. पेशंटच्या शेजारी जी पारदर्शक नळकांडी उभी असते तिला डायलायझर म्हणतात. तिच्यात केसासारख्या बारीक, पोकळ अशा दहाएक हजार नळ्या असतात. नळ्यांच्या आतून रक्त जातं, बाहेरून उलट दिशेने आम्ही तयार केलेलं पाणी. नळीच्या भिंतीच्या छिद्रांतून युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम पलीकडे जातात. रक्तपेशी आणि प्रोटीन अडकतात. मग सोडियम का नाही वाहून जात? कारण ते त्या पाण्यात आम्ही आधीच जवळपास रक्ताइतकं घालून ठेवलेलं असतं. दोन्हीकडे सारखं, म्हणून जेवढं जातं तेवढं येतं. पोटॅशियम मुद्दाम कमी ठेवतो, बहुतेकदा 2, म्हणजे रक्तातलं तिकडे ओढलं जातं. एका खेपेला असं सुमारे 120 लिटर पाणी रक्ताच्या शेजारून वाहून जातं, म्हणून आरओ प्लांट बिघडला की आम्ही मशीन चालू करतच नाही.

पाण्याचं दुखणं वेगळं. लघवी होत नसेल तर प्यायलेला प्रत्येक कप वजनकाट्यावर दिसतो. तीन किलो वाढले म्हणजे तीन लिटर, आणि किडनीने जे दोन दिवसांत थेंब थेंब काढलं असतं ते मला चार तासांत काढायचं असतं. मशीन काढतं फक्त रक्तातलं. पायाच्या सुजेतलं पाणी रक्तात यायला वेळ लागतो, तोवर बीपी धाडकन खाली येतं, पोटऱ्या वळतात, काका ओरडतात. मग यूएफ, म्हणजे मशीनचं पाणी ओढणं, बंद करून, पाय वर घेऊन, सलाइन सोडावं लागतं. काढलेलंच थोडं परत द्यायचं!

फॉस्फरसचंही तसंच. तो बहुतेक हाडांत आणि पेशींत असतो. रक्तातला मशीन काढून घेतं, पण आतला सावकाश बाहेर येतो, चार तास त्याला पुरत नाहीत. जेवणाबरोबरची जी गोळी आहे ती फॉस्फरस पोटातच बांधून ठेवते. ती घासाबरोबरच घ्यायची, जेवून तासाभराने घेतली तर फुकट.

इंजेक्शनचं म्हणाल तर किडनी गाळण्याशिवाय एक संप्रेरक बनवते, एरिथ्रोपोएटिन. ते हाडांच्या मगजाला रक्त तयार करायला सांगतं. मशीन ते बनवू शकत नाही, म्हणून हिमोग्लोबिन 7-8 वर येतं आणि इंजेक्शन लागतं. ड जीवनसत्त्वाला कामाचं रूप देणं हेही किडनीचंच काम, त्याचीही गोळी. बीपीच्या गोळ्याही बहुतेकांच्या चालूच राहतात.

पथ्याबद्दल एकच प्रसंग सांगतो. आषाढीच्या दुसऱ्या दिवशी एका काकांना दोघांनी धरून आणलं. पाय उचलत नव्हते, नाडी चाळीसच्या आसपास. घरचे म्हणाले, "काल तर काही खाल्लंच नाही, उपास होता." उपासाला काय, तर रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याचा लाडू, दोन केळी, आणि अशक्तपणा वाटला म्हणून शहाळं. यातलं एकूण एक पोटॅशियमने भरलेलं. रक्तातल्या पोटॅशियमचा रिपोर्ट आला 7.4, म्हणजे फारच जास्त. ईसीजी बघून डॉक्टरांनी आधी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, मग रांग मोडून त्यांना मशीनवर घेतलं. वाचले. तेव्हापासून एकादशीच्या आदल्या खेपेला मी प्रत्येकाला विचारतो, उद्या काय खाणार. आणि हो, 'कमी सोडियमचं' म्हणून विकतात ते मीठ घरात आणू नका, त्यात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं.

वडिलांना अजून लघवी होते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. होत असेल, अगदी दिवसाला दोन-तीन कप, तरी ती फार मोलाची आहे. मशीनला न जमणारे मोठे रेणू त्या उरलेल्या किडनीतूनच जातात, तेही चोवीस तास. डॉक्टरांना विचारून एकदा 24 तासांची लघवी मोजून घ्या. आणि गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून परस्पर पेनकिलर आणून देऊ नका, त्याने ही उरलेली किडनीही बिघडू शकते.