गोष्ट पाठ आहे, पण…

प्रश्न : मुलगी साडेचार वर्षांची. ‘अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही’ हे चित्रपुस्तक तिला तोंडपाठ आहे. तरीही पिल्लू दाखवते म्हणणाऱ्या एका बाईंचा हात धरून ती बागेतून निघालीच होती. पुस्तक चुकलं का?

उत्तर : घोळ ‘अनोळखी’ या शब्दात आहे. या वयात अनोळखी म्हणजे चित्रातला भेसूर माणूस. गोड बोलणारी बाई दोन मिनिटांत ओळखीची होते. शिवाय मुलांना त्रास देणारे बहुतेक वेळा ओळखीतलेच असतात. म्हणून माणूस कोण यापेक्षा तो काय सांगतोय, यावर बेतलेलं पुस्तक घ्या : ‘चल माझ्याबरोबर’, ‘जरा मदत कर’, ‘घरी सांगू नकोस’. यातलं काहीही कानावर आलं, की आधी सोबतच्या मोठ्या माणसाला विचारायचं. नियम एवढाच.

घेण्याआधी पानं मोजा. 32 पैकी 28 पानं खोडीची धमाल आणि शेवटी उपदेश असेल, तर परत ठेवा. मुलं धमालच उचलतात. योग्य कृती सुटी सुटी दिसायला हवी : थांबली, मागे सरकली, ‘नाही’ ओरडली, पळाली, घरी सांगितलं. यातलं घरी सांगण्याचं पान नेमकं गाळलेलं असतं. ऐकणारी आई चित्रात चिडलेली नको, नाहीतर लपवायचं असतं हाच धडा मिळतो. पात्रं शक्यतो माणसंच असावीत. सशाचा धडा स्वतःला लावणं लहानग्यांना जड जातं.

वाचून झालं की लगेच नाटक करा. तुम्ही त्या बाई व्हा. पाच मिनिटं, आठवड्यातून दोन-तीनदा. ‘काय करशील?’ असं विचारलंत तर उत्तर पाठच आहे. ‘करून दाखव’ म्हणा. आमिष दर वेळी बदला : पिल्लू, खेळणं, ‘आईने बोलावलंय’. जागाही बदला, जिन्यात, बागेत. एकाच पिल्लावर सराव केला, तर ती फक्त पिल्लालाच नाही म्हणेल. चुकली तर न रागावता तिथूनच पुन्हा.

प्रश्न : ‘गुपित ठेवायचं नाही’ हे पुस्तक वाचल्यापासून तीन वर्षांचा मुलगा वाढदिवसाची भेटही आधीच फोडतो.

उत्तर : फोडू द्या. फरक सांगायचा तर असा : गंमत कधी उघड होणार तो दिवस ठरलेला असतो, गुपित मात्र कधीच सांगायचं नसतं. तिसऱ्या वर्षी हे पेलत नाही, पाचव्याच्या आसपास जमू लागतं. तोवर भेट त्याच्यासमोर बांधू नका.