स्टॅम्पिंगसाठी आता टोरांटोला जावे का?

अमेरिकेत एच-१बी या कुशल नोकरदारांच्या तात्पुरत्या व्हिसावर नोकरी करणाऱ्या वाचकांची या सदराकडे आलेली बरीचशी पत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरतात: पासपोर्टवरील व्हिसाची मुदत संपल्यावर तो कॅनडा किंवा मेक्सिकोतील अमेरिकी वकिलातीतून नवा करून, म्हणजेच ‘स्टॅम्पिंग’ करून, घेता येईल का? त्यांपैकी पाच पत्रांची उत्तरे येथे दिली आहेत. पहिले उत्तर मुद्दाम विस्ताराने लिहिले आहे, कारण पुढच्या उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न: मी न्यू जर्सीत एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. माझ्या पासपोर्टवरील एच-१बी व्हिसा गेल्या महिन्यात संपला. कंपनीने वेळेत एक्स्टेन्शनचा अर्ज केला होता आणि पुढील तीन वर्षांची मंजुरी हाती आली आहे. माझ्या थोरल्या भावाने काही वर्षांपूर्वी टोरांटोला जाऊन स्टॅम्पिंग करून आणले होते. भारताची लांबची फेरी टाळण्यासाठी मीही टोरांटो किंवा मेक्सिकोतील तिहुआना येथे अपॉइंटमेंट घ्यावी का?

उत्तर: घेऊ नये. आपल्या भावाने जे केले ते त्या वेळी रीतसरच होते. पण ६ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने तात्पुरत्या व्हिसाच्या सर्व अर्जदारांना अशी सूचना दिली, की त्यांनी मुलाखतीसाठी आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातील वकिलातीचीच वेळ घ्यावी. आपण नागरिक भारताचे आहात आणि राहता अमेरिकेत, त्यामुळे या दोन्ही नात्यांनी कॅनडा किंवा मेक्सिको आपले कोणीच लागत नाहीत. दुर्मीळ अपवाद ठेवले आहेत, पण ते वैद्यकीय वा मानवतावादी निकडीचे आहेत. विमानप्रवास वाचवणे ही त्यांत बसणारी निकड नव्हे. उद्या एखादी तारीख मिळाली, तरी तिचा अर्थ ‘अर्ज चालेल’ असा घेऊ नये. परक्या देशात अर्ज करणाऱ्याला पात्र ठरणे अधिक अवघड जाईल, असे खात्याने स्पष्ट म्हटले आहे. भरलेले शुल्क परत मिळत नाही आणि दुसऱ्या वकिलातीकडे वळवताही येत नाही. एच-१बीसाठी हे शुल्क २०५ डॉलर आहे. पण खरे नुकसान शुल्काचे नव्हे, आणि ते समजण्यासाठी व्हिसा म्हणजे काय हे आधी नीट पाहावे लागेल.

पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा हा अमेरिकेच्या दारात उभे राहून प्रवेश मागण्याचा परवाना आहे. (त्याला सगळे ‘स्टॅम्पिंग’ म्हणतात, पण शिक्का कोणी मारत नाही, छापील कागद चिकटवतात.) आत आल्यावर किती दिवस राहायचे आणि कोणाकडे काम करायचे, हे त्या कागदावर ठरत नाही. राहण्याची मुदत आय-९४ या नोंदीवर ठरते आणि कामाचा हक्क मंजूर पिटिशनवर, म्हणजे कंपनीने आपल्यासाठी केलेल्या अर्जावर. आपल्याला मिळालेले मंजुरीपत्र आय-७९७ए असेल, तर त्याच्या खालच्या भागात नवा आय-९४ जोडलेला सापडेल. त्यावरील तारखेपर्यंत, पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असला तरी, आपले राहणे आणि नोकरी दोन्ही पूर्णपणे कायदेशीर आहेत. हे मी इतके ठासून लिहितो, कारण व्हिसा संपला म्हणजे आपण बेकायदा झालो, अशा धास्तीने घाईघाईत प्रवास आखणारे लोक मला वारंवार भेटतात. देशाबाहेर जायचेच नसेल, तर नवा व्हिसा घेण्याचे काहीही कारण नाही.

शेजारच्या देशात जाण्याची प्रथा का पडली, हेही सांगितले पाहिजे. पूर्वी काही वर्गांतील व्हिसाचे नूतनीकरण अमेरिकेत बसूनच, परराष्ट्र खात्याकडे पासपोर्ट पाठवून होत असे. अर्जदाराच्या बोटांचे ठसे घेणे कायद्याने बंधनकारक होऊ लागले आणि टपालाने ठसे घेता येत नाहीत, म्हणून जुलै २००४ मध्ये ती सोय बंद झाली. तेव्हापासून प्रत्येकाला देशाबाहेर पडणे भाग झाले आणि कॅनडा व मेक्सिको सर्वांत जवळचे ठरले. २०२४ च्या २९ जानेवारीपासून परराष्ट्र खात्याने अमेरिकेतल्या अमेरिकेत नूतनीकरणाचा एक प्रयोग करून पाहिला. तो जास्तीत जास्त २०,००० अर्जदारांपुरता होता, आणि त्यातही ज्यांचा आधीचा व्हिसा भारतातील किंवा कॅनडातील वकिलातींनी ठरावीक काळात दिला होता, अशांनाच त्यात जागा होती. प्रयोग संपल्यावर ती खिडकी मिटली. माझ्या मते या साऱ्या गुंत्यावरचा शहाणा उपाय तोच होता.

आता नुकसानीचा मुद्दा. एप्रिल २००२ पूर्वी कॅनडात व्हिसा नाकारला गेला, तरी जुन्या आय-९४ वर परत येता येत असे. म्हणजे प्रयत्न फसला, तरी घर शाबूत राही. तो नियम बदलला. आज तेथे अर्ज केला आणि तो नामंजूर झाला, किंवा कलम २२१(जी) खाली अधिक चौकशीसाठी अडकला, तर नवा व्हिसा हाती येईपर्यंत अमेरिकेत परत येता येत नाही. अशी चौकशी काही दिवसांत संपते किंवा काही महिने चालते, आणि तिची मुदत कोणी सांगत नाही. तेवढा काळ आपण परक्या देशात, त्यांच्या पाहुणा-व्हिसाच्या मुदतीत, हॉटेलात राहणार. घरभाडे, गाडीचा हप्ता आणि नोकरी मात्र न्यू जर्सीत राहणार. भारतात अडकलेला माणूस निदान आपल्या घरी अडकलेला असतो.

प्रश्न: मी आणि माझे पती टेक्सासमध्ये राहतो, ते एच-१बीवर आहेत, मी आणि आमचा नऊ वर्षांचा मुलगा कुटुंबीयांच्या एच-४ वर. सासऱ्यांच्या प्रकृतीमुळे भारतात जाणे अटळ आहे. पूर्वी आम्ही मुलाखत न देता ड्रॉपबॉक्समध्ये पासपोर्ट दिले होते. या वेळी तसे चालेल का, कोणती कागदपत्रे न्यावीत, आणि एक लाख डॉलर भरावे लागतील ही बातमी आम्हाला लागू आहे का?

उत्तर: शेवटच्या प्रश्नाने आपली झोप उडाली असणार, म्हणून त्यापासून सुरुवात करतो. १९ सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय आदेशातील ती रक्कम २१ सप्टेंबरपासून दाखल झालेल्या ठरावीक नव्या पिटिशनसाठी आहे, आणि ती भरायची असते कंपनीने. कर्मचारी अमेरिकेत असताना दाखल झालेले आणि मुदतवाढीसह मंजूर झालेले एक्स्टेन्शन तिच्यातून वगळलेले असून, अशी व्यक्ती पुढे बाहेर जाऊन त्याच पिटिशनवर व्हिसा मागत असेल, तरीही रक्कम लागू होत नाही, असा खुलासा ऑक्टोबर २०२५ मध्ये करण्यात आला. मात्र पतींचे एक्स्टेन्शन अजून प्रलंबित असेल, तर मंजुरी येण्यापूर्वी देश सोडायचा की नाही, हे कंपनीच्या वकिलाला विचारल्याशिवाय ठरवू नये.

ड्रॉपबॉक्सची सोय २ सप्टेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ साठी राहिलेली नाही. चौदा वर्षांखालील मुलांनाही आता सर्वसाधारणपणे मुलाखतीला न्यावे लागते, म्हणून मुलाचीही वेळ आपल्यासोबतच घ्यावी. भारतीय नागरिकाला दिल्ली, मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता यांपैकी कोठेही अर्ज करता येतो. सासर मुंबईकडे आहे म्हणून फक्त मुंबईच पाहत बसू नये. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी व एच-४ अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील वावराचीही तपासणी होते. त्यासाठी खाती सर्वांना दिसतील अशी ठेवावी लागतात, आणि व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या खात्यांची नावे द्यावी लागतात. ही तपासणी सुरू होताना भारतातील अनेकांच्या डिसेंबरमधील मुलाखती एकाएकी काही महिने पुढे ढकलल्या गेल्या, आणि सुट्टीवर आलेली माणसे तेथेच राहिली. तेव्हा आधी मुलाखतीची तारीख, मग तिकीट, आणि परतीचे तिकीट तारीख बदलता येईल असेच, हा क्रम मोडू नये. आजारपणामुळे इतके थांबणे शक्य नसेल, तर तातडीच्या अपॉइंटमेंटची विनंती करता येते, पण ती मान्य होईलच असे धरून चालू नये.

कागदपत्रांची यादी कंपनीचा वकील देईलच: आय-७९७ मंजुरीपत्र, पिटिशनची प्रत, कंपनीचे पत्र, अलीकडच्या पगाराच्या पावत्या, डब्ल्यू-२ (वर्षभराच्या पगाराचे व करकपातीचे पत्रक), विवाहाचा दाखला, मुलाचा जन्मदाखला. गठ्ठा जाड असण्यापेक्षा त्यातील मजकूर एकमेकांशी जुळणे महत्त्वाचे आहे. पिटिशनला जोडलेल्या एलसीएमध्ये (कंपनीने कामगार खात्याला दिलेल्या निवेदनात) जो पगार आणि जे कामाचे ठिकाण लिहिले आहे, तोच पगार पावत्यांवर दिसतो का आणि पती खरोखर तेथेच काम करतात का, हे आजच पडताळून पाहावे. मध्यंतरी आपण दुसऱ्या महानगर क्षेत्रात राहायला गेला असाल आणि पती तेथून काम करत असतील, तर कंपनीने सुधारित पिटिशन दाखल करणे आवश्यक होते. ते राहून गेले असल्यास तो दोष अमेरिकेत असतानाच दुरुस्त करावा. काउंटरवर उभे राहून तो समजावून सांगण्याची वेळ येऊ देऊ नये. एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: लांबले तर भारतातून काम करू देणार का, हे कंपनीकडून निघण्यापूर्वीच लेखी घ्यावे. करांच्या आणि माहिती-सुरक्षेच्या कारणांनी अनेक कंपन्या ते नाकारतात.

प्रश्न: माझा व्हिसा संपला आहे, पण आय-९४ ची दोन वर्षे शिल्लक आहेत. मे महिन्यात आई-वडील येतील तेव्हा त्यांना नायगारा कॅनडाच्या बाजूने दाखवायचा बेत आहे. मला परत येता येईल का?

उत्तर: येता येईल, आणि हा नियम जितका उपयोगी तितकाच अपरिचित आहे. केवळ कॅनडा किंवा मेक्सिकोला तीस दिवस किंवा त्याहून कमी काळासाठी जाऊन आलेल्या, वैध आय-९४ असलेल्या आणि आपला कायदेशीर दर्जा (स्टेटस) टिकवून ठेवलेल्या व्यक्तीचा संपलेला व्हिसा परतीच्या प्रवेशापुरता वैध मानला जातो. आपण विद्यार्थी म्हणून येऊन नंतर एच-१बी झाला असाल आणि पासपोर्टवर केवळ जुना एफ-१ व्हिसा असेल, तरीही ही सवलत मिळते. दोन गोष्टींनी ती जाते: त्या सहलीत नव्या व्हिसासाठी अर्ज केला तर, किंवा टोरांटोमार्गे मुंबईला जाऊन आलात तर.

मात्र हा नियम अमेरिकेत परतण्याचा आहे. कॅनडात शिरण्याचा नव्हे. भारतीय पासपोर्टधारकाला कॅनडाचा पाहुणा-व्हिसा स्वतंत्रपणे लागतो, आणि तो अर्ज काही आठवडे आधी करावा लागतो. आई-वडिलांनाही तो लागेलच. शिवाय त्यांचा अमेरिकी व्हिसा एकाच प्रवेशाचा आहे की अनेक, हे तपासायचे राहू देऊ नका. मेक्सिकोचे गणित वेगळे आहे: वैध अमेरिकी व्हिसा असलेल्या भारतीयाला तेथे वेगळा व्हिसा लागत नाही, पण आपला तर संपलेला आहे, म्हणून आपल्याला लागेल. परतताना आय-९४ ची छापील प्रत आणि मूळ मंजुरीपत्र जवळ ठेवावे. सीमेवरच्या अधिकाऱ्याला हा नियम ठाऊक असतो. विमान कंपनीच्या काउंटरवरील कर्मचाऱ्याला तो पुष्कळदा ठाऊक नसतो, आणि अडवणारा तोच असतो. शक्य असल्यास गाडीने पूल ओलांडून जावे आणि यावे.

प्रश्न: मी भारतीय नागरिक आहे, माझ्याकडे कॅनडाचे पीआर (कायम वास्तव्याचे) कार्ड आहे, पण तीन वर्षे सिअ‍ॅटलमध्ये एच-१बीवर नोकरी करतो. ‘वास्तव्याचा देश’ म्हणून व्हँकुव्हरला अर्ज करता येईल ना?

उत्तर: कार्डावर विसंबून राहू नये. वास्तव्याच्या आधारावर अर्ज करणाऱ्याने ते वास्तव्य सिद्ध करायचे असते, आणि अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात वास्तव्य म्हणजे माणसाचे प्रत्यक्ष, मुख्य राहते ठिकाण. त्याचा मनोदय काय आहे याला तेथे महत्त्व नाही. तीन वर्षे सिअ‍ॅटलमध्ये घरभाडे भरणाऱ्याला व्हँकुव्हर हे आपले मुख्य घर आहे, असे दाखवणे जड जाईल. आपले कुटुंब तेथे राहत असेल आणि आपण दर आठवड्याला सीमा ओलांडत असाल, तर गोष्ट वेगळी; मग भाडेकरार, वीजबिले, कॅनडाची करविवरणे असा पुरावा जमवून वकिलाचे मत घ्यावे.

प्रश्न: भारतात नवा व्हिसा मिळाला, पिटिशन २०२८ पर्यंत आहे, पण पासपोर्ट पुढच्या वर्षी संपतो. परतल्यावर पासपोर्ट नवा केला तर चालेल का?

उत्तर: पासपोर्ट आधी करावा. विमानतळावरील अधिकारी आय-९४ ची मुदत पासपोर्टच्या अखेरच्या तारखेपर्यंतच देऊ शकतो, आणि मग व्हिसावर व पिटिशनवर २०२८ लिहिलेले असूनही आपला मुक्काम पुढच्या वर्षी संपतो. नंतर पासपोर्ट नवा केल्याने ती तारीख आपोआप वाढत नाही. ही छाटलेली तारीख पुष्कळांना महिनोन्‌महिने कळतही नाही, म्हणून अमेरिकेत पाऊल ठेवल्यावर त्याच आठवड्यात सीमा-सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर आपला आणि घरातल्या प्रत्येकाचा आय-९४ उघडून पाहावा. तारीख छाटलेली दिसली, तर ती उलटण्यापूर्वी नव्या पासपोर्टवर देशाबाहेर जाऊन यावे किंवा कंपनीमार्फत एक्स्टेन्शनचा अर्ज करावा. घरातल्यांच्या एच-४ साठी तो अर्ज वेगळा करावा लागतो.